परतीची हमी

तळवडे येथील ज्योतिबानगरच्या गल्ल्यांत शिरणाऱ्यास लेथचा आवाज आधी ऐकू येतो आणि शेड नंतर दिसते. १९९७ साली हे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. त्याच्या एका अंगाला चिखली, दुसऱ्या अंगाला देहू, आणि इंद्रायणी ओलांडली की चाकणचा पट्टा सुरू होतो. तेथे मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन यांचे कारखाने आहेत. अलीकडे पिंपरीस टाटा मोटर्स आणि आकुर्डीस बजाज. या मोठ्या कारखान्यांना लागणारे बुश, ब्रॅकेट, पिना आणि वॉशर अशाच लहान शेडमधून तयार होऊन जातात. येथील हिशेब सरळ असतो. नग जितके अधिक, तितका दर कमी.

अशा शेडच्या दारात कोणी एकच बोल्ट घेऊन आला आणि “असा एक करून द्या” म्हणाला, तर मालक क्षणभर विचारात पडतो. हजार नगांचा दर त्याला तोंडपाठ असतो. एका नगाचा दर सांगणे अवघड जाते. जुन्या, दुर्मीळ मोटारीची सारी गोष्ट या एका नगापासून सुरू होते. तीच मोटार समुद्रापार नेऊन हजारो किलोमीटर चालवायची असेल, तर त्या एका नगाबरोबर बँक, सीमाशुल्क खाते, विमा आणि घरातल्या माणसांची संमती हे सारेच विचारात घ्यावे लागते.

दुसरी लालपरी

मराठी माणसास ‘लालपरी’ म्हटले की एस.टी. आठवते. अहमदाबादच्या ठाकोर कुटुंबाची ‘लाल परी’ मात्र १९५० साली बनलेली एम.जी. वाय.टी. ही उघडी मोटार आहे. २०२३ साली आजोबा, मुलगा आणि नात अशा तीन पिढ्यांनी ही गाडी भारतातून इंग्लंडला नेली. मुंबईहून जहाजाने दुबई, तेथून आखात ओलांडून इराण, पुढे तुर्कस्तान, बाल्कन प्रदेशातील देश, मध्य युरोप आणि अखेरीस इंग्लंड असा तो मार्ग होता. तेरा हजार किलोमीटरांहून अधिक अंतर त्यांनी सुमारे अडीच महिन्यांत पार केले. प्रवासाचा शेवट ॲबिंग्डन या गावी झाला. ऑक्सफर्डजवळच्या याच गावात ही गाडी बनली होती.

एम.जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमधील या गॅरेजचे व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी साध्या मॉरिस मोटारींवर देखण्या, चपळ बॉडी चढवून विकण्यास आरंभ केला आणि त्यातून स्पोर्ट्स मोटारींची ही जात जन्मास आली. १९२९ साली कारखाना ॲबिंग्डनला गेला आणि १९८० साली तो बंद पडला. वाय.टी. ही चार आसनांची टूरर. तिचे इंजिन १,२५० घन सेंटिमीटरचे, म्हणजे त्या काळच्या प्रसिद्ध दोन आसनी टी.सी. मोटारीतलेच, कार्ब्युरेटर दोन, शक्ती पन्नास अश्वशक्तीहून थोडी अधिक. आजची सर्वांत स्वस्त मोटारही याहून बलवान असते. १९४८ ते १९५० या काळात अशा गाड्या सुमारे नऊशेच बनल्या आणि बहुतेक परदेशी विकल्या गेल्या. एम.जी. हे नाव आज चिनी कंपनीच्या मालकीचे असून त्या नावाच्या नव्या मोटारी गुजरातेत हालोल येथे तयार होतात. परंतु हालोलच्या मोटारीचा एकही सुटा भाग १९५० च्या गाडीला बसणार नाही.

नऊशेंपैकी उरलेल्या गाड्यांतली एक गाडी वाळवंटातून आणि घाटांतून न्यायची, तर केवळ उत्साहावर भागत नाही. वाटेत ती गमावली तर तिच्या जागी दुसरी आणता येत नाही.

मुंबईपर्यंतचा जुना रस्ता

एके काळी हा प्रवास आजच्याहून सोपा होता. १९६८ च्या नोव्हेंबरात लंडनहून सिडनीकडे मोटारींची एक मोठी शर्यत निघाली. ९८ मोटारी पॅरिस, इस्तंबूल, तेहरान, काबूल आणि दिल्ली या मार्गाने धावत मुंबईकडे आल्या. त्यांपैकी ७२ मुंबईस पोहोचल्या. ‘चुसान’ या प्रवासी जहाजावर चढवून त्या ऑस्ट्रेलियाच्या फ्रीमँटल बंदरात उतरवण्यात आल्या आणि सिडनीपर्यंत ५६ टिकल्या. अँड्र्यू कोवन यांच्या संघाने हिलमन हंटर या साध्या कौटुंबिक मोटारीतून ही शर्यत जिंकली. जीन डेंटन यांनी एम.जी.बी. ही छोटी स्पोर्ट्स मोटार त्याच मार्गाने नेली. पुढे त्या ब्रिटिश सरकारात मंत्री झाल्या.

त्या शर्यतीतील चालकांना लंडनपासून मुंबईपर्यंत जमिनीवरचा रस्ता सलग मिळाला. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, त्याच वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि तो रस्ता सामान्य प्रवाशासाठी मिटला. म्यानमारमधून पूर्वेकडे जाणारी वाट २०२१ च्या लष्करी उठावानंतर बिकट झाली. चीनमार्गे जायचे तर तेथे आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालत नाही. स्थानिक तात्पुरता परवाना घ्यावा लागतो आणि अधिकृत मार्गदर्शक बरोबर ठेवण्याचा खर्च सोसावा लागतो. म्हणून पश्चिमेस जाणारी भारतीय मोटार आता प्रथम जहाजात बसते. रस्ता कोणता, हे ठरवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचणे अगत्याचे ठरते. पश्चिम आशियात आजची स्थिती सहा महिन्यांनी तशीच राहील असे गृहीत धरता येत नाही.

हुंडी आणि कार्ने

मोटार परदेशी नेताना जो कागद सर्वांत महत्त्वाचा, त्याचे नाव ‘कार्ने द पासाज’. मोटारीचा हा पासपोर्ट आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. पण व्यापारी कुटुंबातील माणसास त्याचे खरे स्वरूप हुंडीच्या उदाहरणाने लवकर उमगेल. पूर्वी पुण्याच्या पेढीने लिहिलेली हुंडी दूरच्या शहरातील सराफ वटवत असे. समोरच्या माणसास तो ओळखत नसे. हुंडी लिहिणाऱ्या पेढीस ओळखत असे. शाहजोग हुंडीत तर रक्कम एखाद्या प्रतिष्ठित शाहाच्याच हाती पडावी अशी अट असे. सारा व्यवहार पतीवर चाले.

कार्नेचे तसेच आहे. परदेशातून मोटार देशात आली की तिच्यावर आयात शुल्क लागू होते. पाहुणा म्हणून आलेली मोटार परत जाणार असेल तर ते शुल्क घेण्याचे कारण नाही. पण ती खरोखर परत जाईल याची हमी कोण देणार? सीमेवरचा अधिकारी गाडीच्या मालकास ओळखत नाही. तो कार्ने देणाऱ्या संघटनेस ओळखतो. देशोदेशींच्या मोटार संघटना एकमेकींच्या शब्दास बांधलेल्या असतात. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेली वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही अशी एक संघटना आहे.

कार्नेच्या पुस्तकात देशागणिक एक पान वापरले जाते. त्या पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना एक भाग सीमाशुल्क अधिकारी फाडून घेतो, देश सोडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के उमटलेला तिसरा भाग पुस्तकात राहतो. पुस्तकाची मुदत एक वर्षाची. मायदेशी परतल्यावर गाडी परत आल्याची नोंद करून ते संघटनेकडे जमा करावे लागते आणि त्यानंतर हमी मोकळी होते.

प्रवेशाचा शिक्का आहे आणि बाहेर पडण्याचा नाही, असे एखादे पान निघाले तर त्या देशाच्या दृष्टीने गाडी तेथेच राहिली, म्हणजे ती आयात झाली. मग शुल्काची मागणी संघटनेकडे येते आणि संघटना मालकाने दिलेल्या हमीस हात घालते. काही देशांत हे शुल्क गाडीच्या किमतीएवढे, क्वचित तिच्याहून अधिक असते. गाडी घरी अंगणात उभी असूनही एका विसरलेल्या शिक्क्यामुळे तिची किंमत पुन्हा भरावी लागण्याचा प्रसंग ओढवू शकतो. रात्री दोन वाजता, पावसात, मागे ट्रकांची रांग हॉर्न वाजवीत असताना गाडीतून उतरून ‘साहेब, दुसरा शिक्का राहिला’ असे म्हणण्याचे धैर्य प्रवाशाजवळ असावे लागते. रोजकीर्द त्याच दिवशी लिहून पूर्ण करण्याची सवय ज्या घरात आहे, त्यास हे वेगळे सांगावयास नको.

संघटनेस द्यावयाची हमी बहुधा बँक हमीच्या रूपाने असते. बँक त्यासाठी मार्जिन म्हणून मुदत ठेव मागते, त्या ठेवीवर लिअन नोंदवते आणि कमिशन आकारते. हमीची मुदत आणि दावा सांगण्याची मुदत या दोन निराळ्या तारखा असतात. दुसरी तारीख उलटेपर्यंत किंवा मूळ हमीपत्र बँकेस परत येईपर्यंत ती ठेव अडकून राहते. हमीपत्रातील एक वाक्य तर पुनःपुन्हा वाचावे असे आहे. मागणी येताच बँक कोणताही वाद न घालता पैसे देईल, असे त्यात लिहिलेले असते. शिक्का कोणाच्या चुकीने राहिला, हे बँक विचारणार नाही. म्हणून धंद्याच्या खेळत्या भांडवलातील ठेव या कामी बांधू नये. सहा महिने किंवा वर्षभर विसरता येईल अशीच रक्कम बाजूस काढावी. तेवढी निघत नसेल तर प्रवास एक वर्ष पुढे ढकलण्यात कमीपणा नाही.

रोख, विमा आणि परवाना

रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीस एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत परकीय चलन वापरता येते. मात्र त्यातील रोख रकमेस निराळी मर्यादा आहे. बहुतेक देशांसाठी एका भेटीस ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात. उरलेले कार्डावर किंवा अन्य मार्गाने. इराण, रशिया आणि स्वतंत्र राष्ट्रकुलातील प्रजासत्ताके यांसाठी संपूर्ण रक्कम रोखीने घेण्याची मुभा नियमांत ठेवलेली आहे. त्याचे कारण प्रवाशाच्या ध्यानी पहिल्याच पेट्रोल पंपावर येते. निर्बंधांमुळे इराणमध्ये आपली आंतरराष्ट्रीय कार्डे चालत नाहीत. तेथे बिघाड झाला, गाडी ट्रकवर चढवून पुढच्या शहरी न्यावी लागली, तर खिशातील नोटाच कामी येतात. इतकी रोकड जवळ बाळगणे ही स्वतंत्र जोखीम आहे आणि ती प्रवासातील सर्व मोठ्या माणसांत नियमाप्रमाणे वाटून घ्यावी लागते.

भारतात घेतलेला मोटार विमा सीमेपलीकडे उपयोगी पडत नाही. युरोप आणि त्याच्या शेजारचे देश यांच्यात तृतीय पक्ष विम्यासाठी ‘ग्रीन कार्ड’ नावाची व्यवस्था आहे; तुर्कस्तान आणि इराण हे दोन्ही देश तिचे सदस्य आहेत. वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात मिळतो आणि तो एक वर्ष चालतो. जो जो गाडी चालवणार, त्याचा त्याचा परवाना स्वतंत्र हवा. वडील चालवतील आणि मुलगी शेजारी बसेल असे ठरले असले, तरी वडिलांना ताप आल्यावर चाक मुलीच्याच हाती येणार.

या सर्वांआधी घरचे कागद नीट हवेत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क, मुदत दहा वर्षे, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशा नोंदणीची गाडी रोजच्या वापरास काढता येत नाही; प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, दुरुस्ती आणि इंधन भरणे एवढ्यापुरती ती रस्त्यावर यावी असा नियम आहे. अनेक घरांत आजोबांची गाडी शेडमध्ये असते, पण नोंदणी पुस्तक आजोबांच्याच नावावर राहिलेले असते. कार्नेवर मालकाचे नाव, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकाबरहुकूम उतरतात. वारसाहक्काची नोंद झालेली नसेल तर प्रवासाचा पहिला टप्पा परिवहन कार्यालयापर्यंतच आहे, असे समजावे.

एका नगाचा दर

आता पुन्हा तळवड्याच्या शेडकडे यावे. वाय.टी.च्या इंजिनाची एक गंमत कारागिरांना फार आवडेल. या इंजिनाचे बोल्ट इंग्रज बनावटीचे, त्यांची डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची, पण आटे मात्र फ्रेंच मेट्रिक पद्धतीचे. मॉरिस कंपनीच्या इंजिन कारखान्याचा वारसा एका फ्रेंच कंपनीकडून आलेला असल्यामुळे तेथील यंत्रे त्या आट्यांचीच होती. पाना इंग्रजी लागतो म्हणून नटही इंग्रजी आट्याचा असेल असे समजून कोणी जोर लावला, तर सत्तर वर्षे टिकलेला आटा एका मिनिटात जातो. आजच्या बाजारात मिळणारा त्याच जाडीचा मेट्रिक बोल्टही चालत नाही, कारण या इंजिनाचे आटे अधिक बारीक आहेत. तो बोल्ट लेथवर करूनच घ्यावा लागतो.

म्हणून जाणते लोक परदेशी निघण्याआधी वर्षभर गाडी देशातच चालवतात आणि काय झिजते, काय गळते याची वही ठेवतात. पाण्याचा पंप, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, पॉइंट, कंडेन्सर, ब्रेकचे रबरी वॉशर, फॅनचा पट्टा, हाफ शाफ्ट, गास्केट हे सुटे भाग गाडीबरोबर जातात. सुटे भाग नेताना त्यांची यादी करून कागदपत्रांस जोडावी, म्हणजे सीमेवर ‘हा विक्रीचा माल आहे काय’ या प्रश्नास उत्तर तयार राहते. जुन्या रबरी नळ्यांना आणि सीलांना इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सोसत नाही. आपल्याकडील वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमुळे तो प्रश्न निघण्याआधीच उभा राहतो. नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या बसवून घेणे हाच त्यावर उपाय होय. ऑगस्टमधील इराणच्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होऊन इंजिन बंद पडू शकते. तेव्हा पहाटे निघावे, दुपारी सावलीत थांबावे आणि वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या आत ठेवावा. घाई असलेल्याने विमानाने जावे.

तळवडे-चाकण पट्ट्यात असे एकेक नग करून देणारी माणसे आजही आहेत, पण ती वयाने मोठी आहेत. नमुना हातात घेऊन, आट्यास गेज लावून, धातू ओळखून, रेखाचित्राशिवाय जॉब उभा करणे हे कौशल्य संगणकावर चालणाऱ्या यंत्रापुढे वाढलेल्या मुलास आपोआप येत नाही. एका बोल्टासाठी अर्धा दिवस देणाऱ्या कारागिराने पाचशे रुपये मागितले की गाडीचा मालक कधी कधी घासाघीस करतो. बाजारात असा बोल्ट दहा रुपयांस मिळतो, हा त्याचा युक्तिवाद. परंतु हा बोल्ट बाजारात मिळतच नाही. तोच तबरीझच्या घाटात तुटला, तर गाडी मायदेशी परत आणण्यास किती लाख लागतील हा हिशेब मांडला की पाचशे रुपये स्वस्त वाटू लागतात. त्या कारागिराच्या शेजारी घरातील एखादा मुलगा महिनाभर बसवला, तर प्रवासात तो प्रत्येक टूल-बॉक्सहून अधिक उपयोगी पडेल.

जन्मगावचा पाहुणा

ॲबिंग्डनला पोहोचलेली लाल परी कागदोपत्री तेथे पाहुणी होती. ज्या गावात तिच्या चासीवर क्रमांक ठोकला गेला, त्या गावात परदेशी क्रमांकाच्या गाडीस तात्पुरता, साधारण सहा महिन्यांपर्यंतचाच मुक्काम मिळतो. जन्म इंग्लंडचा, पण घर अहमदाबादचे. कोणत्याही सीमेवर अधिकाऱ्याने विचारले असते तर उत्तर एकच होते, ही गाडी परत जाणार आहे.

पिढीजात पेढी असलेल्या घरांस ही गोष्ट परकी नाही. मारवाड, गुजरात आणि कर्नाटकातून निघालेली कुटुंबे महाराष्ट्रात आली, येथे दुकाने मांडली, येथली भाषा बोलू लागली. मूळ गावी गेल्यावर तेथील लोक त्यांना ‘पुण्याचे’ म्हणतात. गाव पाहून, वडिलांचे जुने घर नातवंडांस दाखवून ती परत येतात, कारण सोमवारी दुकान उघडायचे असते.

म्हणून शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी बाहेर काढण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी कागदावर लिहाव्यात. किती रक्कम गेली तरी चालेल, किती दिवस दुकान दुसऱ्याच्या हाती देता येईल, वाटेत कोण आजारी पडल्यास सर्वांनी परत फिरायचे, आणि गाडी वाटेतच निकामी झाली तर ती ट्रकवर घालून आणण्याचा खर्च कोठून करायचा. त्या कागदाखाली आजोबांपासून नातीपर्यंत प्रत्येकाने सही करावी. परिवहन कार्यालय, बँक आणि मोटार संघटना यांच्याकडे त्यानंतर जावे. आणि त्याआधी, शक्य झाल्यास त्याच आठवड्यात, शेडमधला एक जुना बोल्ट खिशात घालून तळवड्याच्या एखाद्या लेथवाल्याकडे जावे व त्याने सांगितलेला दर घासाघीस न करता मोजावा.